स्तुती कशी होते, हे ती कोणाची आहे यावर ठरते का?

अर्धविराम
गेल्या महिन्यात आठवडाभर मी रोजच्या प्रार्थनेनंतर, तीत देवाला उद्देशून आलेली क्रियापदे वहीत टिपून ठेवली. ‘सांभाळ’, ‘टाळ’, ‘दे’ आणि ‘क्षमा कर’ ही चारच सातही दिवस फिरून फिरून आली. आभाराचे वाक्य एकदाच आले, तेही तपासणीचा अहवाल चांगला निघाला त्या दिवशी. मी स्वतःला भाविक समजते, त्यामुळे ती पाने वाचताना ओशाळले. माझ्या मनातला देव हा अर्ज मंजूर करणारा आणि चुकले की जाब विचारणारा वरिष्ठ अधिकारी आहे, हे मला माझ्याच अक्षरात वाचावे लागले.

‘तो सगळे पाहतो’ हे वाक्य लहानपणी मी प्रथम ऐकले ते खोटे बोलताना पकडले गेले तेव्हा. त्यानंतर कित्येक दिवस, तो खरोखरच पाहतो आहे का याची खात्री करण्यासाठी, मी हात जोडताना एक डोळा किलकिला ठेवत असे.

म्हणून माझे मत असे की, देवाविषयीची कल्पना आधी येते आणि स्तुती तिच्यामागून. त्याला न्यायाधीश मानणाऱ्याची स्तुती ही रदबदली होते, नुसता दाता मानणाऱ्याची ती आगाऊ पोचपावती होते आणि ज्याला तो आईसारखा वाटतो त्याला त्याच्याशी भांडताही येते. मराठीत आपण कितीही औपचारिक प्रार्थनेत देवाला ‘तू’च म्हणतो. तुकोबा विठ्ठलाला खडे बोल सुनावू शकले, कारण त्यांच्या लेखी तो माउली होता. अधिकाऱ्याला असे कोणी बोलत नाही. उपासनेत जीव नसेल, तर शब्द बदलण्याआधी ही कल्पना तपासावी.

उलटतपासणी
निरीक्षण प्रामाणिक आहे, पण आपण क्रम उलटा लावला आहे. देव कसा आहे हे ठरवून मग प्रार्थनेला बसलेला माणूस मी पाहिलेला नाही. आपण सगळेच आधी शब्द शिकलो आणि त्या शब्दांनीच आपल्या मनात देव घडवला. प्रार्थनेच्या नियमाने श्रद्धेचा नियम ठरावा, असे पाचव्या शतकातील ख्रिस्ती लेखक प्रॉस्पर याने लिहून ठेवले आहे. इस्लाममधील पाच नमाजांत मिळून रोजच्या 17 अनिवार्य रकाती, म्हणजे उभे राहणे, वाकणे आणि साष्टांग नमन यांची आवर्तने, होतात आणि त्या प्रत्येकीत ‘अल्-फातिहा’ हा कुराणाचा पहिला अध्याय म्हटला जातो. त्याची सुरुवात ईश्वराविषयी तृतीय पुरुषात बोलून होते आणि मध्येच तो ‘तुझीच’ असा थेट ईश्वराकडे वळतो. त्या दिवशी म्हणणाऱ्याच्या मनातला देव रागीट असो वा प्रेमळ, ‘तो’पासून ‘तू’पर्यंतचे ते वळण त्याला घ्यावेच लागते. तुमची चार क्रियापदे अधिकाऱ्याच्या कल्पनेतून निघालेली नाहीत. वर्षानुवर्षे तीच घोकल्यामुळे हा अधिकारी तयार झाला आहे.

मौनी
आपण दोघेही गृहीत धरता की, शब्द नीट निवडले तर स्तुती त्याच्यापर्यंत पोचेल. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात एक प्रसंग आहे. प्रार्थना चालवणारा एक जण देवाला थोर, बलवान, भयंकर अशी विशेषणे एकामागून एक लावत सुटला. रब्बी हनीना यांनी त्याचे संपेपर्यंत वाट पाहिली आणि विचारले, ‘झाली का तुझ्या धन्याची सगळी स्तुती?’ ज्याच्याकडे सोन्याच्या मोहरांच्या राशी आहेत त्या राजाला चांदीच्या नाण्यांबद्दल वाखाणणे हा त्याचा अपमानच, असे त्यांनी बजावले. बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मायमॉनिडीजने या दृष्टान्तात आणखी एक गोष्ट हेरली. दोष नाण्यांच्या संख्येत नाही; धातूच वेगळा आहे. न्यायाधीश, दाता आणि आई ही तिन्ही चांदीचीच नाणी आहेत. जो असे मानतो, त्याची रोजची स्तुती हळूहळू मौनाकडे जाते.

पाटीपेन्सिल
मौन हे पोट भरलेल्याचे चोचले आहेत, असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरतो. तरीही त्याच परंपरेतील 150 स्तोत्रांच्या संग्रहाचे हिब्रू नाव ‘तेहिलिम’, म्हणजे ‘स्तुती’ असे आहे आणि त्यातला मोठा भाग तक्रारींचा आहे. 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी दिलासा म्हणून एक ओळही नाही. ते ‘स्तुती’त कसे बसले, याचे उत्तर मौनात सापडत नाही.

अर्धविराम
उलटतपासणी, शब्दांनी देव घडतो हे मला अर्धेच पटते. ज्या नमाजेचे उदाहरण आपण दिलेत, तीच बसऱ्याच्या सूफी संत राबिया आठव्या शतकात पढत होत्या. नरकाच्या भीतीने किंवा स्वर्गाच्या आशेने मी उपासना करत नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या नावे सांगितले जातात. शब्द तेच असताना शेजारच्याची उपासना भीतीची आणि त्यांची प्रेमाची कशी झाली, हे आपल्या मांडणीतून कळत नाही.

मौनी, आपला आक्षेप मला खोडता येत नाही, पण मौनात माझे मन दोन मिनिटांत किराणा मालाच्या यादीकडे जाते, हेही खरे.

88 व्या स्तोत्राचा उल्लेख वाचल्यावर गेले तीन दिवस मी सुरुवातच तक्रारीने करते आहे. पहिल्या दिवशी आवाज इतका खाली गेला की मलाच तो ऐकू येईना, अधिकाऱ्यासमोर जातो तसा. वही पुन्हा उघडली आहे. ‘दे’ अजून आहे, ‘टाळ’ही आहे, काल मात्र प्रथमच ‘ऐक’ लिहिले गेले.