मदत हवी आहे : दिव्यांग मुलांसाठीची तट्टे लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यावीत का?

नमस्कार.

धुळे तालुक्यातील एका गावी आम्ही काही मंडळी मिळून एक छोटी धर्मादाय संस्था चालवतो. संस्थेकडे चार तट्टे आहेत. सोमवार ते शुक्रवार सकाळी सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तट्टावर बसवले जाते, आणि रविवारी पंचक्रोशीतील इतर मुलांना नाममात्र देणगी घेऊन रपेट घडवली जाते. उपचारासाठी येणाऱ्या मुलांकडून आम्ही काहीही घेत नाही, कारण साक्री-शिरपूरकडून एसटीने येणाऱ्या पालकांची त्या दिवसाची मजुरी आधीच बुडालेली असते. प्रश्न पैशाचा आहे. पण केवळ पैशाचा असता तर येथे इतके सविस्तर लिहिले नसते.

आमच्या दोन विश्वस्तांचा प्रस्ताव असा आहे की एप्रिल-मेच्या लग्नसराईत चारपैकी दोन तट्टे वरातीसाठी भाड्याने द्यावीत. एका संध्याकाळचे भाडे आमच्या कित्येक रविवारांच्या देणगीहून अधिक भरते. शिवाय उन्हाळ्यात आमचे वर्ग सकाळी साडेसहा ते आठ एवढेच चालतात, मग उरलेला दिवस तट्टे दावणीला उभी राहून नुसती चंदी खातात, असे त्यांचे म्हणणे आहे. हिशेब म्हणून ते चुकीचे नाही. २५० किलो वजनाच्या तट्टाला काम असो वा नसो, दिवसाला साधारण पाच किलो सुका चारा लागतोच. दर सहा ते आठ आठवड्यांनी खुरे छाटावी लागतात. आणि मे महिन्यात कडब्याचा भाव काय होतो हे येथील शेतकरी सदस्यांना मी सांगण्याची गरज नाही.

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. घोडा पावलापावलाने चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे अशी तिन्ही दिशांनी हलते, आणि बसणाऱ्याच्या कमरेला जवळजवळ माणसाच्या चालण्यासारखीच लय मिळते. जे मूल कधी स्वतःच्या पायांनी चाललेले नाही, त्याच्या कमरेला आणि पाठीला ही लय दुसऱ्या कोणत्याही साधनाने इतक्या सहज देता येत नाही. ताठरलेले स्नायू हळूहळू सैलावतात आणि तोल सावरण्याचा सराव होतो. (हे नवे खूळ नाही. पोलिओमुळे गुडघ्यांखाली पाय निकामी झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात रौप्यपदक मिळवले होते.) एका मुलाच्या आईने आमच्या नोंदवहीत लिहून दिले आहे, ‘पोऱ्या आते सरळ बसाले लागना.’ मात्र हे सारे तट्टाची चाल एकसारखी आणि चित्त शांत असेल तरच घडते.

याच कारणाने सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आमची खरेदी नेहमीच थोडी विचित्र ठरते. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या यात्रेत रेवाल (वेगवान पण धक्के न देणाऱ्या) चालीला, नाचणाऱ्या घोड्याला, अंगावरील केसांच्या शुभ भोवऱ्यांना मोल असते. आम्ही मात्र नाकीडोळी सामान्य, वयाने पोक्त आणि सरळ पावलाने चालणारे तट्टू शोधत फिरतो. व्यापारी आमची कीव करतात.

मागील वर्षी एका विश्वस्तांच्या घरच्या लग्नात आमची एक तट्टाणी वरातीला नेण्यात आली. तिला इजा काही झाली नाही. पण त्यानंतर कित्येक आठवडे कुंपणावरची ताडपत्री फडफडली तरी ती चालता चालता थांबे, दोन्ही कान ताठ करी, नाकपुड्या फुलवी आणि पाठ आवळून उभी राही. तीन-चार सेकंदांत ती पुन्हा चालू लागे. रविवारच्या मुलाला त्यात गंमत वाटते. ज्याला स्वतःची मान सावरता येत नाही ते मूल मात्र तेवढ्यानेही पुढे कलंडते, आणि दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या स्वयंसेवकांचे हात त्याच्या मांडीवर असतात म्हणूनच सावरते. डीजे आणि फटाके यांतून दर दोन दिवसांनी जाऊन आलेले तट्टू दुसऱ्या दिवशी सकाळी कसे वागेल, याची हमी मी कोणत्या तोंडाने पालकांना द्यावी?

जाणकारांकडून मला मुख्यतः हे समजून घ्यायचे आहे की वरातीचे भाडे टाळून चाऱ्याचा खर्च कसा भागवता येईल. त्याशिवाय दोन अडचणी आहेत. आमच्याकडे पहिल्यापासून येणारा एक मुलगा आता चौदा वर्षांचा आणि ४६ किलोचा झाला आहे. तट्टाच्या वजनाच्या २० टक्क्यांपलीकडे, तेही सामानासकट, भार नसावा हा सर्वमान्य नियम; आम्ही सावधगिरी म्हणून १५ टक्क्यांवर थांबतो. त्याला नाही म्हणावे लागणार, पण कसे? दुसरे म्हणजे, मुले दिवसातून अर्धा-पाऊण तासच येत असली तरी दिव्यांग कायद्याखाली वेगळी नोंदणी करावी लागते का?

प्रतिसाद (पशुवैद्यक, जळगाव जिल्हा)

आपला विरोध मी वैद्यकीय कारणाने अधिक ठाम करू इच्छितो. वरातीच्या ठिकाणी अनेक गावांचे घोडे एकत्र येतात, एकाच हौदावर पाणी पितात, एकाच तोबऱ्यातून (तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशवीतून) खातात. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग नेमका अशाच मार्गाने पसरतो आणि तो माणसांनाही होऊ शकतो. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याखाली तो कळवणे बंधनकारक आहे. त्यावर उपचार केले जात नाहीत. बाधित जनावर मारावे लागते. ज्या आवारात प्रतिकारशक्ती कमी असलेली मुले रोज येतात, तेथे हा धोका पत्करू नये. लग्नाला पाठवा अथवा न पाठवा, चारही तट्टांच्या रक्ताची तपासणी पशुसंवर्धन विभागामार्फत वेळोवेळी करून घ्या. अशा तपासणीची प्रमुख संस्था हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. नवे जनावर बाजारातून आणल्यास तपासणीचा निकाल येईपर्यंत वेगळे बांधा.

दावणीला उभी राहून ‘नुसती खातात’ हेही बरोबर नाही. ४३-४४ अंशांच्या दिवशी सावलीत उभे असलेले जनावरही अंग थंड ठेवण्यासाठी राबतच असते. त्याच संध्याकाळी तापलेल्या डांबरावर, जड झूल घालून, नवरदेवासह दोन-तीन तास उभे करणे म्हणजे उष्माघात किंवा पोटशूळ ओढवून घेणे आहे. आणि नवरदेवाचे वजन आपल्या १५ टक्क्यांत बसते का, हेही विश्वस्तांना विचारून पाहावे.

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट, बालविकास केंद्र)

त्या मुलाला नाही म्हणू नका, त्याचे काम बदला. खरारा करणे (तट्टाचे अंग घासून साफ करणे), तोबरा बांधणे, मोतद्दारासोबत (तट्टू सांभाळणाऱ्यासोबत) लगाम धरून चालवणे यांतही हाताची पकड, दोन्ही हातांचा समन्वय आणि सूचनांचा क्रम लक्षात ठेवणे हे सारे येते. स्वमग्न मुलांच्या बाबतीत तर पाठीवर बसण्यापेक्षा जमिनीवरच्या या कामाचाच अधिक उपयोग झालेला मी पाहिला आहे. ‘तू आता मोठा झालास, लहानांना तुझी मदत हवी आहे’ असे सांगितले की मुलाचा मान राहतो, आणि ते खोटेही नसते.

आपण विचारलेले नाही, तरीही लिहितो. डाऊन सिंड्रोमच्या मुलाला बसवण्यापूर्वी मानेच्या पहिल्या दोन मणक्यांची अस्थिरता नाही, असे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. सेरेब्रल पाल्सीमध्ये खुब्याचा सांधा निखळत असेल, तर मांड्या फाकवून बसवण्याने हानी होते. खुब्यांचा एक्स-रे पाहिल्याशिवाय सुरुवात नको. आटोक्यात नसलेली फिट्स असल्यास तूर्त थांबावे.

प्रतिसाद (संस्थांचे हिशेब पाहणारा सदस्य)

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ‘संस्था’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. प्रशिक्षण आणि पुनर्वसन दोन्ही तीत येते, आणि नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. मुले किती वेळ थांबतात यावर विसंबू नका. जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याण कार्यालयात लेखी अर्ज करून उत्तर लेखीच घ्या. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) हवा असल्यास केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक आहे आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा मागितला जातो. तोवर देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारे ८०जी प्रमाणपत्र मिळवा, म्हणजे जुन्या करपद्धतीतील नोकरदार देणगी देताना मागेपुढे पाहणार नाहीत.

चाऱ्यासाठी मात्र पैसे गोळा करूच नका, चाराच गोळा करा. दादर (रब्बी ज्वारी) काढणीला आली की गावागावांतून शंभर-दोनशे पेंढ्या देणारे शेतकरी मिळतात. हाच माणूस मे महिन्यात पाचशे रुपये देताना दहा वेळा विचार करतो. साठवायला कोरडी जागा तेवढी हवी.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ग्लँडर्सचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. येत्या बैठकीत वरातीविरुद्धचा ठराव मी त्याच मुद्द्यावर मांडणार आहे, कारण शांत चित्ताचा मुद्दा हळवेपणा म्हणून बाजूला सारला जातो. दादरच्या पेंढ्यांसाठी तीन गावांच्या सरपंचांना पत्रे दिली आहेत. पशुवैद्यक महोदयांना एवढेच विचारावेसे वाटते की कडब्यासोबत थोडी हिरवी ज्वारी आली तर चालेल का.

पशुवैद्यक

हिरवी ज्वारी घोड्यांना देऊ नका. मूत्राशयाला सूज येऊन मागचे पाय लटपटू शकतात, आणि कोवळ्या फुटव्यांत विषबाधेचाही धोका असतो. पूर्ण वाळलेला, बुरशी न आलेला कडबाच घ्या. हिरव्यासाठी बांधावर थोडी लसूणघास लावा.

धागाकर्ता

समजले, तशी सूचना पत्रातच घालतो. आणखी एक विनंती आहे : सारंगखेड्याची यात्रा संपली की नालबंद आमच्याकडे फिरकत नाहीत. नाल न ठोकता केवळ खुरे नीट छाटून देणारा, दर दीड-दोन महिन्यांनी धुळ्यापर्यंत येऊ शकणारा कोणी सदस्यांच्या माहितीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे. जाण्यायेण्याचा खर्च संस्था देईल.