बंगल्यातील लिफ्ट: नोंदणी आणि तपासणी सक्तीची असावी का?

उंबरठा

पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरांत दोन-तीन मजली बंगल्यात लिफ्ट बसवणे आता नवलाचे राहिलेले नाही. घरातील वयस्कर माणसांचे गुडघे, चाकांची खुर्ची, वरच्या मजल्यावरची झोपण्याची खोली, अशी कारणे खरी आहेत आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार असू नये. प्रश्न पुढचा आहे. आपल्याकडे लिफ्टचा कायदा १९३९ पासून आहे. मुंबई प्रांतासाठी केलेला तो कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला, आणि महाराष्ट्रात त्याची जागा २०१७ च्या कायद्याने घेतली, ज्यात सरकते जिने आणि सरकते मार्गही आले. लिफ्ट उभारण्यापूर्वी परवानगी, चालवण्यापूर्वी निरीक्षकाची तपासणी आणि परवाना, त्यानंतर ठरावीक काळाने पुन्हा तपासणी, अशी त्याची रचना आहे. मात्र बंगल्यात लिफ्ट बसवणाऱ्या अनेकांना आपल्याला असे काही करावे लागते याची कल्पनाही नसते, आणि विकणारा सांगत नाही.

माझे मत स्पष्ट आहे: घरगुती लिफ्टला सूट नको. त्याचे मुख्य कारण दारात आहे. घरगुती लिफ्टला पुष्कळदा दोन दारे असतात, मजल्यावरचे बाहेर उघडणारे आणि केबिनचे घडीचे किंवा जाळीचे. या दोहोंमध्ये जागा जास्त राहिली, तर लहान मूल तिथे उभे राहू शकते. बाहेरचे दार मागे बंद होते, आतले आधीच बंद असते, यंत्राच्या दृष्टीने सर्व काही ठीक असते, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कोणी बटण दाबते. अमेरिकेत अशी मुले दगावली आहेत. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१९ मध्ये चार इंचांपेक्षा मोठ्या फटीबद्दल जाहीर इशारा दिला. २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या घरात सात वर्षांचा मुलगा गेला, आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याने अशा घरांतील लिफ्टसाठी कायदा केला. आपण मूल जाण्याची वाट का पाहावी?

मोकळीक

उंबरठा, फटीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मान्य नाही. अमेरिकेत त्यावर उपाय झाला तो प्रामुख्याने उत्पादनाच्या बाजूने: लिफ्टच्या तांत्रिक संहितेत फटीची मर्यादा कमी केली गेली, कंपन्यांना जुन्या लिफ्ट परत तपासून द्याव्या लागल्या, एका उत्पादकाविरुद्ध आयोगाने स्वतः कारवाई सुरू केली. याचा अर्थ असा की दोष जिथे निर्माण होतो तिथे तो पकडला गेला. दरवर्षी सरकारी माणसाने माझ्या स्वयंपाकघराशेजारी येऊन सही करण्याशी त्याचा संबंध मला दिसत नाही.

ब्रिटनचे उदाहरण पाहा. तिथे माणसे नेणाऱ्या लिफ्टची दर सहा महिन्यांनी सखोल तपासणी करण्याचा १९९८ चा नियम आहे, परंतु तो कामाच्या ठिकाणच्या उपकरणांसाठी आहे. स्वतःच्या घरात स्वतःसाठी बसवलेल्या लिफ्टला तो लागू होत नाही. युरोपीय संघातही सेकंदाला ०.१५ मीटरपेक्षा जास्त वेग नसलेल्या लिफ्ट नेहमीच्या लिफ्टच्या निर्देशाखाली (संघाने सदस्य देशांना घालून दिलेल्या नियमांखाली) न येता यंत्रसामग्रीच्या निर्देशाखाली येतात, कारण त्यांचा धोका वेगळ्या प्रकारचा मानला जातो. यांपैकी पुष्कळ लिफ्टमध्ये बटण दाबून धरले तरच केबिन चालते, बोट उचलले की थांबते. वीस मजली इमारतीतील लिफ्ट आणि ही लिफ्ट एकाच तराजूत तोलणे अन्याय आहे.

आपल्याकडे नियम कसे जन्माला येतात तेही लक्षात घ्यावे. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये लिफ्टचा कायदा केला. त्याआधी नोएडा आणि ग्रेटर नोएडात उंच इमारतींतील लिफ्टबद्दल मोठा असंतोष होता, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडात बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील लिफ्ट कोसळून कामगार मरण पावले होते. त्या घटनेवर कठोर उपाय हवाच होता. पण बांधकामावरच्या लिफ्टचा अपघात होतो आणि नियमांची झळ दुमजली घरातील आजीला बसते, हे बरोबर नाही.

वीजतंत्री

मी लिफ्टच्या देखभालीच्या कामात आहे, म्हणून एका मुद्द्यावर मोकळीक यांना दुरुस्त करावेसे वाटते. दोन दारांमधली फट कारखान्यात ठरत नाही, ती घरात ठरते. कंपनी केबिन, रूळ आणि मोटर पाठवते. मजल्यावरचे दार मात्र अनेकदा घरमालकाच्या पसंतीचे सागवानी असते, आणि त्याची चौकट गवंडी व सुतार भिंतीच्या बाहेरच्या कडेला बसवतात, कारण तिथे ती शोभून दिसते. भिंत नऊ इंचांची असेल तर फट तिथेच तयार झाली. कागदावर ती लिफ्ट मानकाप्रमाणेच आहे. भारतीय मानक ब्युरोची घरगुती लिफ्टसाठी २००२ पासून वेगळी संहिता आहे, पण ती वाचून चौकट बसवणारा सुतार मला अजून भेटायचा आहे. म्हणून पहिली तपासणी जागेवर येऊन, पट्टीने मोजूनच झाली पाहिजे. फट जास्त निघाली तर बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला भराव बसवता येतो, आणि हे काम फार मोठे नाही.

दुसरे म्हणजे, हळू चालणारी लिफ्ट झिजत नाही असे नाही. दाराच्या कुलपाचा विद्युत संपर्क झिजतो आणि कधी कधी दार उघडे असतानाही बंद असल्याचा संकेत देतो. असा संपर्क खराब झाल्यावर घरच्यांची गैरसोय नको म्हणून तो जोडून टाकलेला, म्हणजे सुरक्षाच वगळून लिफ्ट चालू ठेवलेली, मी पाहिली आहे. हायड्रॉलिक लिफ्टमध्ये सील गळतात. वेग वाढल्यावर केबिन रुळाला पकडणारी यंत्रणा वर्षानुवर्षे कोणी चालवून पाहत नाही. आणि मोकळीक ज्या हळू चालणाऱ्या कंपनीच्या लिफ्टबद्दल बोलत आहेत, त्यांच्याखेरीज दुसरा एक मोठा वर्ग आहे: स्थानिक फॅब्रिकेटरने जिन्याच्या मधल्या जागेत लोखंडी सांगाडा उभा करून, माल चढवण्याच्या साखळीच्या होइस्टवर टांगलेला पिंजरा. त्याला वेग नियंत्रक नसतो, खाली धक्का झेलणारा बफर नसतो. माणसे त्यातून रोज वर-खाली करतात. या लोकांना कोणता उत्पादन-निर्देश लागू करणार?

सांगलीकर

वीजतंत्री यांचे म्हणणे पटते, आणि तरीही मी सक्तीच्या विरोधातच आहे; निदान आज ती ज्या रूपात होईल त्या रूपात. गावठाणातले आमच्यासारखे घर घ्या. आजोबांनी बांधले, वडिलांनी मजला चढवला, मंजूर नकाशा कुठेच नाही. लिफ्टच्या अर्जासोबत इमारतीची कागदपत्रे मागितली गेली, तर असा माणूस दारातूनच परत येतो. मग तो काय करतो? चांगल्या कंपनीची लिफ्ट घेत नाही, कारण तिला परवाना हवा. तो त्याच फॅब्रिकेटरकडे जातो, ज्याला कशाचीच गरज नसते. म्हणजे नियमाने धोका कमी न होता तो दिसेनासा होतो. मुंबई-पुण्याकडे पाहून केलेली व्यवस्था जत किंवा आटपाडीला कशी पोहोचेल, याचा विचार सक्तीचे समर्थक करत नाहीत असे मला खेदाने म्हणावेसे वाटते. लिफ्ट सुरक्षित आहे का आणि घर कायदेशीर आहे का, हे दोन प्रश्न निरीक्षकाने एकमेकांत मिसळू नयेत. हे आधी लेखी ठरवा, मग नोंदणीबद्दल बोलू.

शुश्रूषा

मी घरी जाऊन आजारी माणसांची काळजी घेण्याचे काम करते. या चर्चेत 'माझे घर, माझी लिफ्ट' हे वाक्य ज्या सहजतेने येते, त्याला मला उत्तर द्यायचे आहे. त्या लिफ्टमध्ये मालकापेक्षा जास्त वेळा मी असते. कपड्यांची टोपली घेऊन मावशी असतात, स्वयंपाकाच्या ताई असतात, महिन्यातून एकदा खालच्या खड्ड्यात उतरणारा देखभालीचा मुलगा असतो. आमच्यापैकी कोणीही ती लिफ्ट निवडलेली नाही, आणि 'मी जिन्याने जाईन' असे दर वेळी म्हणण्याची मुभा आम्हाला नसते, कारण रुग्णाची खुर्ची लिफ्टमधूनच न्यायची असते. मोकळीक यांनी ब्रिटनचा नियम कामाच्या ठिकाणासाठी आहे असे सांगितले. माझ्यासाठी ते घर कामाचेच ठिकाण आहे.

आणखी एक गोष्ट. सोसायटीत वीज गेली आणि लिफ्ट अडकली तर खाली वॉचमन असतो, ओरडले तर शेजारी येतात. बंगल्यात दुपारी एकटी आजी असते, तिचा मोबाइल खाटेवर असतो, आणि केबिनमधली घंटा घरातच वाजते, जिथे ऐकायला कोणी नाही. वीज गेल्यावर केबिन जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी बॅटरीची सोय आणि बाहेरच्या माणसाला लागणारा फोन, या दोन गोष्टी घरगुती लिफ्टमध्ये मोठ्या इमारतीपेक्षाही जास्त आवश्यक आहेत. विकत घेताना पैसे वाचवायचे ठरले की पहिली काट त्यांनाच बसते.

मोकळीक

शुश्रूषा, आपला मुद्दा मी विचारात घेतला नव्हता आणि तो वजनदार आहे. घरात पगारी माणूस काम करत असेल तर मालकावर जबाबदारी येते, हे मी मान्य करतो; त्यासाठी विमा सक्तीचा केला तरी माझी हरकत नाही. वीजतंत्री यांच्या खुलाशानंतर बसवण्याच्या वेळची एक तपासणी हवी हेही मान्य. पण वारंवार होणाऱ्या सरकारी तपासणीला माझा विरोध कायम आहे. निरीक्षकांची संख्या मर्यादित आहे. त्यांनी रुग्णालये, रेल्वे स्थानकांजवळचे मॉल आणि जुन्या चाळींच्या जागी उठलेले मनोरे पाहावेत, की कोथरूडमधले बंगले? बसवल्यानंतर परवानाधारक देखभाल कंत्राटदाराने वर्षातून एकदा तपासून प्रमाणपत्र ऑनलाइन नोंदवावे, आणि सरकारने त्यातली काही घरे अचानक पाहावीत, एवढे पुरे आहे.

उंबरठा

ज्या कंत्राटदाराने संपर्क जोडून लिफ्ट चालू ठेवली, तोच आपल्या प्रमाणपत्रावर सही करणार आहे, हे आपल्या प्रस्तावातले न्यून आहे. देखभाल करणारा आणि प्रमाणित करणारा वेगळा असला पाहिजे, आणि प्रमाणित करणाऱ्याचे शुल्क मालकाने थेट त्याला न देता शासनाकडे भरावे. असे झाले तर प्रमाणित करणारा सरकारी नोकर नसला तरी मला चालेल. सांगलीकर यांची मागणीही मी स्वीकारतो: लिफ्टच्या अर्जासाठी घराच्या मालकीचा आणि नकाशाचा वाद मध्ये आणू नये.

सांगलीकर

एवढे मान्य असेल तर मुदतीचेही ठरवा. अर्ज केल्यावर ठरलेल्या दिवसांत कोणी तपासायला आले नाही, तर परवानगी मिळाली असे समजावे. नाहीतर अर्धांगवायू झालेला माणूस खालच्या खोलीत महिनोन्‌महिने तारखेची वाट पाहत राहील.

उंबरठा

मुदत हवी, दिरंगाईबद्दल अधिकाऱ्यावर कारवाईही हवी. पण न पाहिलेल्या लिफ्टला पाहिल्याचा दर्जा देणे मला मान्य होणार नाही. मुदत टळली तर अर्जदाराला दुसऱ्या अधिकृत तपासनिसाकडे जाण्याचा हक्क द्यावा, आणि त्याचा खर्च शासनाने करावा.

सांगलीकर

तो दुसरा तपासनीस आटपाडीपर्यंत येणार असेल तर माझी हरकत नाही. तसे लेखी येईपर्यंत मी विरोधातच आहे.