इन्कम टॅक्स रिटर्नला उशीर झाला म्हणून थेट जेल?

हिशेबनीस: काल एकाने लिहिलं, "रिटर्न वेळेत न भरणारा चोरच, दोन-चार जणांना आत टाका, बाकीचे सुतासारखे सरळ येतील." डोकंच फिरलं, म्हणून हा धागा. अहो ५,००० लेट फी आहे, वर व्याज आहे, मग १९६१च्या कायद्यात (मार्च २०२६पर्यंत चालू होता, इथली कलमं नि आकडे त्यातलेच) मुद्दाम रिटर्न न भरणाऱ्याला जेल देणारं कलम २७६सीसी हवंच कशाला होतं? २५ लाखांवर कर बुडत असला तर सहा महिने ते सात वर्षं सक्तमजुरी! आणि कलम २७८ईमुळे हेतू वाईटच होता असं कोर्ट आधीच धरून चालणार, नव्हता हे तुम्ही सिद्ध करा.

रोखठोक: लिहिणारा मीच. अर्धं कलम खाऊ नका. असेसमेंट इयर (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) संपायच्या आत भरलंत तर खटला नाही. टीडीएस (आधीच कापलेला कर) वगैरे वजा जाता कर १०,००० च्या आत असला तरी नाही (कंपन्या सोडून). एवढं करूनही जो भरत नाही त्याची आरती ओवाळू?

वैतागलेली: माझं ऐका. ऑफिसने आठ महिने टीडीएस कापला, स्लिपवर दिसतोय, २६एएसमध्ये (खात्याकडच्या कर-नोंदीत) भोपळा. सीए म्हणाला थांबा, जुळलं की भरू. थांबले. नोटीस मला, मालक मोकळा.

रोखठोक: कापलेला कर सरकारात न भरणाऱ्या मालकाला कलम २७६बी आहे. आणि कलम २०५ प्रमाणे कापलेला कर तुमच्याकडून मागताच येत नाही.

वैतागलेली: ते मला पाठ आहे हो, पोर्टलला पाठ करून घ्या आधी.

चहाबिस्कीट: सीए लोकांवर वेगळा धागा काढा! आमचा ३० जुलैला रात्री अकराला विचारतो, फॉर्म १६ (ऑफिसचा टीडीएसचा दाखला) पाठवलात का. जूनमध्ये पाठवलाय, दोनदा, निळी टिक आहे.

आकडेमोड: मी सीए. स्टेटमेंटचे फोटो पाठवता, आडवे, अर्ध्या पानावर अंगठा, आणि खापर आमच्यावर?

चहाबिस्कीट: अंगठा बायकोचा होता.

हिशेबनीस: विषय जेलचा आहे!! शशी एंटरप्रायझेसची केस आठवा. जयललिता-शशिकलांची फर्म, रिटर्न नव्वदीच्या सुरुवातीचे, सुप्रीम कोर्टाने २०१४ला सांगितलं की खटला चालणार. मग पैसे भरून कंपाउंडिंग (खटल्याऐवजी तडजोड), सुटका. आपल्याला कोण सोडणार?

रोखठोक: म्हणजे जेलच्या भीतीनेच पैसे निघाले ना? असो. २७८ई पगारदाराला जाचक आहे, मान्य. घ्या, पेढे वाटा.

वैतागलेली: पेढे नंतर. माझ्या आठ महिन्यांच्या टीडीएसचं कोणी बोलेल का?

आकडेमोड: पगाराच्या स्लिपा पाठवा, बघतो. सरळ काढलेल्या.