दावोसच्या वादात कासिरर खरोखर हरले का?

उंबरठा
आज गुंतवणुकीच्या करारांमुळे आपल्या वर्तमानपत्रांत झळकणाऱ्या दावोसमध्ये १९२९ च्या वसंतात एर्न्स्ट कासिरर आणि मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञांचा कांट या अठराव्या शतकातील तत्त्वज्ञाच्या विचारांवरून जाहीर वाद झाला आणि त्यात हायडेगरांची सरशी झाली, असे सर्रास लिहिले जाते. माझ्या मते हा निकाल तरुण श्रोत्यांच्या उत्साहाने लावला, तर्काने नव्हे. शेवटी विद्यार्थ्यांनी त्या वादाचे विडंबन केले, तेव्हा चोपन्न वर्षांच्या कासिररांचे सोंग घेण्यासाठी त्यांच्यातल्या लेव्हिनासने (पुढे नावाजलेला फ्रेंच तत्त्वज्ञ) केसांना पांढरी पूड फासली होती. पुढे त्याला या खोडीचा पश्चात्ताप झाला.

रानवारा
सोंगावरून निकाल लागत नाही, हे मान्य. परंतु कांटला केवळ गणिती निसर्गविज्ञानाचा पाया रचणारा मानण्याची नवकांटवाद्यांची, म्हणजे कांटचे विचार नव्याने मांडणाऱ्या कासिररांसारख्या तत्त्वज्ञांची, सवय हायडेगरांनी मोडली आणि मानवी ज्ञानाच्या सांततेचा, म्हणजे मर्यादित असण्याचा, प्रश्न पुढे आणला, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. आपला खरा रोष हायडेगरांच्या १९३३ मधील नात्सी पक्षप्रवेशावर आहे. तो आपण १९२९ वर लादत आहात.

उंबरठा
लादत नाही. सांत जीव गणितातील आणि नीतीतील सार्वत्रिक सत्यापर्यंत पोचतो कसा, असे कासिररांनी तिथेच विचारले होते. सत्य हेच मानवी अस्तित्वाशी सापेक्ष आहे, असे हायडेगर म्हणाले. ही तर प्रश्नाची बोळवण झाली! नीतीला सार्वत्रिक सत्याचा टेकूच नसेल, तर मे १९३३ मध्ये नात्सी पक्षात जाताना माणसाला अडवणार काय? उलट १९२८ मध्ये हॅम्बुर्गला कासिररांनी वायमार संविधानाच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेच्या, बाजूने जे भाषण केले, ते त्यांच्या कांटवाचनातूनच आले होते.

रानवारा
आपण अर्धेच उत्तर सांगितले. सत्य म्हणजे ज्याचे त्याचे मत, असा स्वतःच्या बोलण्याचा अर्थ नाही, हेही हायडेगरांनी त्याच बैठकीत स्पष्ट केले होते. शिवाय ब्रूनो बाउख हेही नवकांटवादीच होते, आणि १९१६ मध्ये त्यांनीच कासिररांचे गुरू व नवकांटवादी हेर्मान कोहेन यांच्या ज्यू असण्यावर बोट ठेवून त्यांचे कांटवाचन परके ठरवले. त्यांना कोणत्या टेकूने अडवले?

उंबरठा
बाउखांचा दाखला वजनदार आहे, पण बिनतोड नाही. तसे लिहिण्यासाठी त्यांना कांटच्या सार्वत्रिकतेशीच फारकत घ्यावी लागली. हायडेगरांना पक्षात जाताना स्वतःच्या तत्त्वज्ञानातील कशाशी फारकत घ्यावी लागली, ते आपण सांगावे.