मदत हवी आहे: जीएसबी फाइल लावूनही टोपोशीटवरचे बिंदू जीपीएसशी जुळत नाहीत

लष्करवाला:
ग्वाल्हेरच्या आसपासच्या जुन्या विहिरी शोधायचं काम चालू आहे. जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षणाच्या नकाशावरून) अक्षांश-रेखांश उतरवून घेतले, सहकाऱ्याने दिलेली जीएसबी, म्हणजे जुने अक्षांश-रेखांश जीपीएसच्या मापात बदलणारी ग्रिड शिफ्ट फाइल लावली, तरी सगळे बिंदू सव्वाशे-दीडशे मीटर लांब पडतात. परवा टीम शेतात उतरणार. शेतकरी आधीच वैतागलेत. थिअरी नको, उपाय सांगा.

नकाशावेडा (बडोदा):
शीट नंबर काय? सॉफ्टवेअर कोणतं? बिंदू कोणत्या दिशेला सरकतात, सगळे सारखेच का? फाइल कुठली? यातलं काहीच लिहिलं नाहीत, मग उपाय कशावर सांगायचा?

माळवी (इंदूर):
डेटमच्या (अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात त्याच्या) भानगडीत पडूच नका. शीट स्कॅन करा, देवळं, पूल, रस्त्यांचे फाटे धरून जिओरेफरन्स करा, म्हणजे स्कॅन खऱ्या जागेवर बसवा. मी इंदूरच्या जुन्या शीटांवर वर्षानुवर्षं हेच करतोय, कधी अडलं नाही.

नकाशावेडा:
त्यांच्याकडे बिंदूंची यादी आहे, स्कॅनचं कुठे बोलले? आणि फाट्यांचा काय भरवसा, रस्ता रुंद झाला की फाटा हलतो. देऊळ धरलंत तर ठीक.

चंबळकाठ:
यूटीएमचा (6-6 अंशांच्या पट्ट्यांत नकाशा मांडायची पद्धत) झोन 43 घेतलाय का? ग्वाल्हेर 78 अंशांच्या जरा पूर्वेला, म्हणून यूटीएम झोन 44. शिवपुरी मात्र 43 मध्ये. आमच्याकडे नवीन माणूस हमखास इथेच गंडतो.

नकाशावेडा:
झोन चुकला तर बिंदू 6 अंश सरकतील. तुमच्याकडे ते अंतर 600 किलोमीटरच्या घरात जातं, विहिरी जोधपूरच्या पलीकडे दिसतील. इथे दीडशे मीटरचं चाललंय.

लष्करवाला:
शीट 54 जे/4. सॉफ्टवेअर क्यूजीआयएस. सगळे पूर्वेला सरकलेत, किंचित दक्षिणेलाही, सारखेच. आता तरी सांगा.

नकाशावेडा:
हेच आधी हवं होतं. ग्वाल्हेरला एव्हरेस्ट (जुन्या शीटांचा डेटम) आणि डब्ल्यूजीएस84 (जीपीएसचा डेटम) यांच्यात पूर्व-पश्चिम 140 मीटरच्या आसपास आणि उत्तर-दक्षिण तीसेक मीटर फरक पडतो. तुमचे बिंदू बरोबर तेवढेच चुकलेत, म्हणजे रूपांतर झालेलंच नाही. तुमच्या प्रोजच्या (क्यूजीआयएसमध्ये हे रूपांतर करणारा प्रोग्रॅम) ओळीत फाइलच्या नावाआधी @ आहे का, आणि शेवटी @नल? @ असलं की फाइल न सापडताही प्रोज तक्रार करत नाही, पुढे जातो. नल असलं की जाळीबाहेरचा, म्हणजे फाइलच्या भागाबाहेरचा बिंदू जसाच्या तसा परत मिळतो. फाइलचं शीर्षकही उघडून बघा, कोणत्या डेटमवरून कोणत्या डेटमवर ते तिथे लिहिलेलं असतं. फाइलची हद्द सेकंदांत असते आणि एनटीव्ही2 मध्ये (जीएसबी फाइलचा प्रकार) पश्चिम रेखांश धन धरतात. आपल्याकडची फाइल असेल तर रेखांश ऋण दिसायला हवेत, ग्वाल्हेरसाठी उणे 2,81,000 च्या पुढे.

जुना सर्वेअर:
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. या एव्हरेस्ट डेटमचं मूळ ठाणं तुमच्या दक्षिणेलाच आहे, विदिशा जिल्ह्यात सिरोंजजवळ कल्याणपूरला. जॉर्ज एव्हरेस्टने तिथून मोजणी केली. ज्यांना जमेल त्यांनी एकदा जरूर जाऊन यावं, आपल्या देशाचे नकाशे त्या माळावरून मोजले गेलेत. गणिती राधानाथ सिकदारांची आकडेमोडही याच मोजणीतली.

गिरिभ्रमण:
उंचीचंही बघा. जीपीएसची मूळ उंची लंबवर्तुळाभावरची (पृथ्वीच्या गणिती आकारावरची) असते, शीटवरची समुद्रसपाटीपासूनची. आपल्याकडे पहिली बरीच कमी येते.

लष्करवाला:
उंची नकोय मला. शीर्षक बघितलं, पहिल्या डेटमच्या जागी नॅड27 लिहिलंय, रेखांश सगळे धन. @ आहे, नलही आहे.

नकाशावेडा:
नॅड27 म्हणजे उत्तर अमेरिका. प्रोजच्या भांडारात भारतासाठी डेटम बदलायची जाळीच नाही. ती फाइल काढा. कल्याणपूर 1975 (हाच जुना डेटम) निवडा आणि एक्स, वाय, झेड दिशांना सरकवायचे तीन आकडे वापरा: 295, 736, 257 मीटर. त्या आकड्यांत 12, 10 आणि 15 मीटरची ढिलाई धरलेली आहे. सीमेच्या वादाला हे चालणार नाही, विहीर शोधायला चालेल.

चंबळकाठ:
एवढं कशाला, सगळे बिंदू सरळ 140 मीटर पश्चिमेला ढकला की.

नकाशावेडा:
कृपया हे करू नका. ढकलायचं अंतर जागेप्रमाणे बदलतं. आमच्या बडोद्याला पूर्व-पश्चिम फरक सत्तर मीटरच येतो. पुढच्या माणसाच्या हातात तीच यादी पडली तर काय केलंय ते त्याला कळणारही नाही.

माळवी:
मी अजूनही म्हणतो, जमिनीवरचा एक तरी बिंदू धरून तपासा.

नकाशावेडा:
हे मात्र शंभर टक्के मान्य. दगडी कठडा शाबूत असलेली, नक्की ओळखीची विहीर घ्या.

लष्करवाला:
टाकले आकडे. किल्ल्याच्या पायथ्याची जी बावडी मी स्वतः मोजली आहे ती आता आठेक मीटरवर येते, आधी पार रस्त्यापलीकडच्या घरांवर पडत होती. भितरवारकडच्या विहिरी 54 के मध्ये आहेत, तिथेही हेच आकडे?

नकाशावेडा:
हेच, ते अख्ख्या भारतासाठी दिलेले आहेत. तिथेही एक विहीर आधी तपासा, मग टीम उतरवा.