मदत हवी आहे: कोलाजमधली तिकिटं रातोरात काळी पडली

पाटीपेन्सिल
रविवारी फ्रेम द्यायची आहे, प्लीज लवकर सांगा. प्लायवर तिकिटं, किराणा बिलं, पेढ्याच्या खोक्याचं झाकण, शर्टाची तुटकी बटणं, गंजलेली बाटलीची बुचं असं सगळं लावून कोलाज केलंय. काल संध्याकाळपर्यंत झकास होतं. वरून एक हात मारला आणि आज बघते तर अर्धी तिकिटं काळीठिक्कर, बाकीची जशीच्या तशी. काळेपणा कशाने जाईल? 'नवीन करा' सांगू नका, ही तिकिटं परत मिळणारी नाहीत.

उंबराचं फूल
कसला हात मारला? कसली तिकिटं? कशाने चिकटवली? फोटो?

अक्का कोथरूडकर
फेविकॉल वापरलं असणार. मी चाळीस वर्षं वह्या बांधतेय, कागदाला मैद्याच्या खळीसारखं काही नाही. गाठी न होऊ देता मंद आचेवर शिजवायची, चिमूटभर मोरचूद घालायचं, कसर लागत नाही.

घाटमाथा
अक्का, मोरचूद विषारी असतं. तांब्याचे क्षार कागदालाही चांगले नाहीत, कडा तपकिरी पडतात. नुसती खळ ठीक.

अक्का कोथरूडकर
माझ्या वह्या अजून शाबूत आहेत.

पाटीपेन्सिल
अहो खळीचं नंतर बोला ना. फेविकॉलच आहे, पण त्याने काही झालं नव्हतं, दोन दिवस छान होतं. तिकिटं एसटीची. फोटो चढत नाहीये.

भोचकभवानी
एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे बरं का, मार्च 2023 पासून. 75 वर्षांवरच्यांना तर त्याच्याही आधीपासून पूर्ण मोफत.

उंबराचं फूल
भवानीताई, हे कोणी विचारलं?

सुतारपक्षी
ताई, 'हात' म्हणजे पॉलिशचा का? ब्रशने की चिंधीच्या बोळ्याने? वास कसा होता?

पाटीपेन्सिल
हो, पॉलिशच. कपाटाचं काम झाल्यावर सुतारकाका बाटली ठेवून गेले होते. मधासारखा रंग, वास इंजेक्शनच्या आधी लावतात त्या कापसाचा. बटणं आणि बुचं मस्त चमकतायत त्याने.

सुतारपक्षी
मग ते लाखेचं पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली. लाकडावर अप्रतिम. कागदाचं मला माहीत नाही.

फावला वेळ
कळलं. काळी पडलेली तिकिटं मशिनची असणार आणि न पडलेली जुनी, छापील, पंच मारलेली. बरोबर?

मशिनचा कागद थर्मल. त्यात शाई नसतेच. कागदावरच्या लेपात एक रंगहीन रंगद्रव्य आणि एक सौम्य आम्ल असं वेगवेगळ्या कणांत बसवलेलं असतं. मशिनचं डोकं जिथे तापतं तिथे दोन्ही वितळून एकमेकांना भेटतात आणि अक्षर उमटतं. स्पिरिटने तेच काम सगळ्या कागदभर केलं. खात्री करायची तर तसलंच एखादं कोरं बिल घ्या, नखाने जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उठली की थर्मल.

आता वाईट बातमी. अ‍ॅसिटोनने काळं धुऊन निघतं, पण अक्षरंही त्याच रंगाची, तीही जातात. हाती कोरा कागद राहील. वर लाखेचा थर आहेच.

पाटीपेन्सिल
बरोबर, काळी झालेली सगळी मशिनचीच आहेत. बिलंही. सांगायचं राहिलं, मामा कंडक्टर आहेत, रविवारी त्यांच्या निवृत्तीचा कार्यक्रम आहे. पंचवाली तिकिटं त्यांच्या सुरुवातीच्या काळातली, मशिनची शेवटच्या आठवड्यातली. मग मी आता काय करू?

घाटमाथा
हे आधी सांगायचं की! काही करू नका. अर्धी नोकरी पंचाची, अर्धी मशिनची, आणि मशिनवाली काळी. याहून चांगलं कोलाज होणार नाही. अपघाताने जे झालं ते ठेवायचं, नाहीतर टाकाऊ वस्तू घेऊन काम करण्यात अर्थ काय? जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्सने 1919 पासून हानोफरमध्ये ट्रामची तिकिटं, पाकिटं, वर्तमानपत्राचे तुकडे जमवून कोलाज केली. कागद पिवळे पडले, तरी ती आज संग्रहालयांत आहेत.

फावला वेळ
श्विटर्सच्या तिकिटांवर छापखान्याची शाई होती हो. थर्मल असती तर आज भिंतीवर कोरे चौकोन लटकले असते. आणि मामांना त्यांचा शेवटचा मार्ग वाचता आला पाहिजे, काळा चौकोन बघून ते काय करणार?

घाटमाथा
हसतील. कंडक्टर माणूस आहे.

उंबराचं फूल
पाटीपेन्सिल, न चिकटवलेली मशिनची तिकिटं उरली आहेत का? नाहीतर चिकटवण्याआधी फोटो काढला होता का?

पाटीपेन्सिल
पाचसहा उरलीत, वहीत सेलोटेप लावून. त्यांचीही टेपखालची अक्षरं फिकी झालीत, हे आत्ता बघितलं. आणि प्लायवर मांडणी केली तेव्हा मोबाइलवर फोटो काढला होता.

फावला वेळ
टेपमुळेच. टेपमध्ये आणि प्लास्टिकच्या पाकिटांत मऊपणासाठी घातलेल्या रसायनाने, म्हणजे प्लास्टिसायझरने, थर्मल अक्षरं उडतात. टेप ओढू नका. आज रात्रीच स्कॅन करून घ्या. वहीतली आणि फोटोतली दोन्ही साध्या पातळ कागदावर लेझर प्रिंट करा. इंकजेट नको, फेविकॉलच्या ओलाव्याने शाई पसरते. मूळ तिकिटं कागदी पाकिटात, उन्हापासून लांब. गरम लॅमिनेशन अजिबात नको, तापून पुन्हा काळी होतील.

घाटमाथा
झेरॉक्स लावून कसली कला? मग घरच्या प्रिंटरवर सगळंच छापा.

सुतारपक्षी
प्रिंटवर पॉलिश नकोच, समोर काच लावा. काच आणि बटणांमध्ये जागा हवी, म्हणून फ्रेमवाल्याला खोल पट्टी मागा. बुचांचा गंज सुटा असेल तर आधी घासून घ्या, ओल्या फेविकॉलमुळे बाजूच्या कागदावर तांबूस डाग येतात.

भोचकभवानी
मला एसटीची जुनी तिकिटं आवडायची. लाल, हिरवी, पिवळी. कंडक्टरच्या पेटीत थप्पीने असायची.

अक्का कोथरूडकर
आणि पंचाची टिकटिक! आमच्या गाडीचे कंडक्टर दांड्यावर वाजवत पुढे यायचे, झोपलेला माणूस आपोआप खिशात हात घालायचा.

पाटीपेन्सिल
ठरलं. काळ्यांपैकी दोन ठेवते, बाकीच्यांवर प्रिंट चिकटवते. घाटमाथा, रागावू नका. अक्का, खळीत मोरचूद न घालता रविवारपर्यंत टिकेल ना?

अक्का कोथरूडकर
टिकेल. वाळल्यावर झुरळांपासून सांभाळ. पण मोरचूद घातलेलं बरं.

घाटमाथा
घालू नका.