कोंबड्याने कधी पिटाळलंय का तुम्हाला? (अनुभव धागा)

पारिजात_सडा

परवा धाकटीची नखं कापत होते. तिने माझ्या पोटरीवर बोट ठेवून विचारलं, "आई, हा खड्डा कसला?" जवाएवढी खूण आहे, मी विसरूनच गेले होते. ती फौजदाराची सही.

फौजदार म्हणजे आजीचा कोंबडा. पिल्लू होता तेव्हा मीच त्याला हातावर वाढवला, खांद्यावर घेऊन हिंडायचे. आजी म्हणायची, नको इतकं लाडावू, त्याला तुझी भीड राहणार नाही. तसंच झालं. पाचसहा महिन्यांचा झाला, तुरा लालभडक झाला, आरवायला लागला, आणि मी त्याची मैत्रीण होते ते वैरीण झाले. मी तेव्हा नऊ वर्षांची.

त्याची पद्धत ठरलेली. सरळ कधीच यायचा नाही. तिरका तिरका, आपण दुसरीकडेच चाललोय असं दाखवत, जमिनीवर काही नसताना चोच मारत. मग एक पंख खाली सोडून गिरकी. मला तो नाच वाटायचा, मी टाळ्या वाजवायचे! एक दिवस अंडी काढायला वाकले आणि मागून दोन्ही पाय पोटरीत. पुढचा अर्धा तास मी लाकडांच्या ढिगावर आणि खाली साहेबांची गस्त.

काकाने काठी घेतली, काकूने झाडू. जितकं मारलं तितका तो चेकाळला. आजीला मात्र कधी हात लावला नाही. ती त्याच्या अंगावरूनच चालत जायची, म्हणजे तिथे कोणी नाहीच अशा थाटात. तो आपोआप बाजूला व्हायचा. ती चाल मला आजतागायत जमलेली नाही, माणसांच्या बाबतीतसुद्धा.

तुमच्याकडे असे नग होते का? लिहा. बदक, टर्की, सगळे चालतील.

सांजवात

पहिली! तू नऊ वर्षांची, मी चाळिशीची, फरक शून्य. आमचा फक्त मला धरायचा. नवऱ्याच्या मागे शेपटी हलवत फिरायचा (कोंबडा. नवरा नाही).

मधली_सुट्टी

हहपुवा (हसून हसून पुरे वाट)! "दोन्ही पाय पोटरीत"

खुडूक

चौदा वर्षं कोंबड्या पाळतेय, हे सगळे प्रकार झालेत. घाईत लिहिते, डालायची वेळ झालीय.

तो एक पंख सोडून फिरतो ना, ते कोंबडीपुढेही करतो आणि भांडणाआधीही. मानेची पिसं फिंजारली, डोकं खाली गेलं की समजायचं. तेव्हा पळायचं नाही. पळालात की तो जिंकला, उद्या परत येणार. लाथ पण नाही, लाथ म्हणजे त्याच्या हिशोबाने तुम्ही झुंज स्वीकारली. उभं राहायचं, आणि एक पाऊल त्याच्याच दिशेने. पाठ करायची नाही

आले

खुडूक

पाठ केली. आमच्या शेरू कोंबड्याने आत्ताच.

सांजवात

खुडूकताई!!! 😂😂 लागलं का?

खुडूक

जाड सलवार होती म्हणून वाचले. हसू नका गं.

दुपारचा_चहा

धागा बघून आलो, मला वाटलं आरवण्याबद्दल आहे. आमच्या मागच्या घरातला पहाटे तीनला सुरू होतो, त्यावर काही उपाय?

नवशिका_पालक

मी अगदी याच प्रश्नासाठी धागा शोधत होतो. माझ्याकडे दोन कोंबडे, सहा कोंबड्या. मोठा कोंबडा सात महिन्यांचा. दहाबारा दिवसांपासून पाणी ठेवायला गेलं की अंगावर. काल बायकोच्या हातावर त्याच्या पायाचा काटा लागला, एकच भोक आहे पण सुजलंय. आईचं म्हणणं आज रात्रीच निकाल लावा. मुलगी चार वर्षांची, ती रडतेय त्याच्यासाठी. काय करू?

टाचणी

@नवशिका, आधी हात. मी दवाखान्यात काम करते म्हणून सांगते. काट्याची जखम वरून बारीक दिसते, आत खोल असते, आणि तो पाय उकिरड्यातून आलेला असतो. साबण आणि वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा, वरून पट्टी आवळून बंद करू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आठवा. सूज आहे म्हणताय, तर आजच डॉक्टरांना दाखवा, उद्यावर नको. बोटाच्या सांध्याजवळ असेल तर नक्कीच.

आणि चार वर्षांच्या मुलीला तिथे एकटं सोडूच नका. आपल्या पोटरीवर बसतो तो घाव तिच्या चेहऱ्यावर बसू शकतो. डोळ्यालाही लागू शकतो.

ज्यांच्या पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत त्यांनीही जपा. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी एक प्रकरण छापलं होतं. शहात्तर वर्षांच्या बाई अंडी काढायला गेल्या, कोंबड्याने पायावर टोचलं, नेमकी फुगलेली शीर फुटली आणि रक्त जाऊन त्या गेल्या. घाबरवत नाहीये, पण "कोंबडंच तर आहे" असं म्हणू नये.

मधली_सुट्टी

बाप रे. हसणं बंद.

रानमेवा_७

सोपा उपाय. पाय धरून उलटा लटकवा दहा मिनिटं, सगळी गुर्मी उतरते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच.

खुडूक

@रानमेवा, असं करू नका हो. पक्ष्याला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला पडदा नसतो. उलटा धरला की आतडी वगैरे सगळा भार श्वासाच्या पिशव्यांवर येतो. गुर्मी नाही उतरत, जीव घाबरा होतो. काखेत धरा, पंख दाबून, आणि तुमची कामं करत फिरवा. त्याच्या बायकांसमोर.

@नवशिका, तुमचं खरं दुखणं आकड्यात आहे. एका कोंबड्यामागे आठदहा कोंबड्या लागतात. तुमच्याकडे दोघांत सहा. कोंबड्यांच्या पाठी बघा बरं, पिसं गेलीत का?

नवशिका_पालक

हो! दोघींच्या पाठी पार उघड्या. मला वाटलं पिसं झडायचा हंगाम असेल.

खुडूक

तेच ते. एकाला वेगळं करा. पिल्लं नको असतील तर दोघंही नसले तरी अंडी मिळतातच, कोंबडा लागत नाही त्याला. पकडायचं तर अंधार पडल्यावर. रात्री त्यांना नीट दिसत नाही, दांडीवरून फळासारखा उचलता येतो.

रानमेवा_७

बरं बरं, नाही लटकवत. काटा कापला तर?

आडवळण

मी कापला होता. अनुभवाने सांगतो, करू नका. बाहेरून नखासारखं दिसतं म्हणून मुळापाशी कात्री लावली. आत जिवंत हाड असतं. रक्त थांबेना, मी पांढराफटक, कोंबडा माझ्याकडे बघतोय की आता काय. हळदीने आणि दाबून धरल्याने थांबलं एकदाचं. आता फक्त टोक कानशीने घासून बोथट करतो, महिन्यातून एकदा, बायको धरते. ती धरते म्हणजे ती आणि तो मिळून माझ्याकडे बघतात.

दुपारचा_चहा

माझ्या तीन वाजताचं काय?

आडवळण

@दुपारचा_चहा, त्यावर उपाय नाही. २०१३ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठाने हाच प्रयोग केला, कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले, सकाळ नाही की रात्र नाही. तरी पठ्ठे ठरल्या वेळी आरवले. घड्याळ आतच असतं. आणि त्यांच्याच पुढच्या अभ्यासात निघालं की पहिली बांग मानाच्या कोंबड्याची, बाकीचे त्याच्यानंतर, पायरीपायरीने.

पारिजात_सडा

म्हणजे "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही" हे आपल्याला माहीत होतं, पण झाकलेल्या कोंबड्यालाही ते कळतं, हे आता कळलं 😀

दुपारचा_चहा

मला झाका मग.

सांजवात

आमच्याची गोष्ट राहिलीच. भाजी फोडणीला टाकून लिहितेय. शेवटी देऊन टाकला, मोकळं रान असलेल्या एका ओळखीच्यांकडे, तिथे वीसेक कोंबड्या आहेत. मी सुटले म्हणून आनंदात. आठवडाभरात लक्षात आलं, अंगणात कसं सुनं सुनं. तो दाणा सापडला की स्वतः न खाता कुकुक करून सगळ्यांना बोलवायचा. वर घार दिसली की वेगळाच आवाज काढायचा, एकदम ताणलेला, आणि सगळ्या जास्वंदीखाली. मला टोचायचा तोही त्याच हिशोबात असेल, मी त्याच्या घरची अंडी उचलायचे ना.

आणि गंमत, महिनाभराने आमची सगळ्यात थोरली कोंबडी आरवायला लागली! घोगरं, अर्धवट, पण आरवणंच. सासूबाई म्हणाल्या, घरात कोणीतरी लागतंच बोलणारं. भाजी लागली बहुतेक

मधली_सुट्टी

कोंबडी आरवते??? असं होतं?

खुडूक

होतं होतं. कोंबडा नसला की कधीकधी वरच्या मानाची कोंबडी घेते ती जागा. अंडी बंद झाली नसतील तर काळजी नको.

झाडावरचा_मुंजा

आमच्याकडे टर्की होता. गाडीच्या चकचकीत दारात स्वतःलाच बघून तासन्‌तास भांडायचा. हरायचाही तोच.

पारिजात_सडा

@मुंजा 😂 वेगळा धागा काढा यावर.

फौजदाराचं पुढे काय झालं विचारताय व्यनित (व्यक्तिगत निरोपात), तर तो म्हातारा होऊन गेला. शेवटी शेवटी दांडीवर चढता यायचं नाही, आजी उचलून ठेवायची. तिच्या हाताला मात्र तेव्हा पहिल्यांदा टोचला.

नवशिका_पालक

सगळ्यांचे आभार, पाच दिवसांनी लिहितोय. बायकोचा हात बरा आहे, इंजेक्शन झालं, गोळ्या चालू आहेत. धाकटा कोंबडा मेव्हण्याकडे दिला. मोठ्याला रोज संध्याकाळी काखेत घेऊन फिरतोय, मुलगी दाराच्या जाळीआडून बघते. दोन दिवस बादली पुढे धरून आत गेलो. काल एक पाऊल पुढे टाकलं तर चक्क बाजूला झाला.

आज हिंमत करून बादलीशिवाय गेलो. आलाच नाही अंगावर! आईला हाक मारून दाखवायला बोलावलं. आई म्हणाली, अरे तो आहे कुठे? खुराड्याचं मागचं दार उघडं होतं. शेजारच्या काकू त्यांच्या ओट्यावर उभ्या आहेत, उतरायला तयार नाहीत. जातो.

खुडूक

बादली घेऊन जा!!